गळ्यापर्यंत चेन

वणवा विझवणारा माणूस आगीत भाजेल, अशी भीती सगळ्यांना असते. माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत आमच्या परिक्षेत्रात आगीने गंभीर भाजलेला एकही माणूस नाही. एक माणूस मात्र मरता मरता वाचला, आणि त्याच्या अंगावर भाजल्याची साधी खूणही नव्हती. तो स्वतःच्याच अंगातल्या उष्णतेने पडला. ती उष्णता बाहेर जाणार नाही अशी व्यवस्था एका कोटाने केली होती. तो कोट त्याने गळ्यापर्यंत बंद ठेवावा, अशी व्यवस्था मी केली होती.

हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. वनखात्यात येण्याआधी दोन वर्षे मी नांदेडच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. कोण पडले आणि कशाने पडले हे पहिल्या परिच्छेदात आले पाहिजे, ही तिथली शिकवण. पुढे वनरक्षक झालो, वनपाल म्हणून निवृत्त झालो, पण ती सवय गेली नाही.

हिंगोली जिल्ह्यात जंगल आहे, हे जिल्ह्याबाहेरच्या लोकांना सांगावे लागते. सेनगाव, औंढा, कळमनुरीकडच्या डोंगरांवर साग आहे, पळस, धावडा, सालई आहे आणि मधल्या उघड्या जागांत कुसळी गवत. इथला वणवा दिसायला किरकोळ असतो. झाडांचे शेंडे पेटत नाहीत. जमिनीवरचा पाला आणि गवत जळत जाते, ज्वाळा गुडघ्याला, फार तर कमरेला. फोटो काढायला आलेले लोक निराश होऊन परत जातात. पण दुपारचा वारा मिळाला की हीच आग चढावर माणसापेक्षा जोरात चालते आणि मागे रोपे, घरटी, सशांची पिल्ले काही ठेवत नाही.

काम हिवाळ्यापासून सुरू होते. जंगलाच्या हद्दीवर आणि मधून मधून रुंद पट्टे साफ करून ते आपणच आधी जाळून ठेवायचे. त्यांना जाळरेषा म्हणतात. आग तिथवर आली की तिला पुढे खायला काही मिळत नाही. होळीनंतर मोबाईलवर उपग्रहाचे संदेश येऊ लागतात, पण बहुतेक वेळा त्याच्या आधी गावातून फोन आलेला असतो. "सायेब, तुमचा डोंगर पेटला." गवत कापायच्या दिवसांत हाच डोंगर "आमचा" असतो.

मग गाडी जाईल तिथवर गाडीने आणि पुढे पायी. पाठीवर ब्लोअर यंत्र घेतलेला माणूस पुढे. यंत्राच्या नळीतून जोराची हवा येते, तिने आगीच्या तोंडापुढचा पाला जळालेल्या बाजूला उडवायचा. मागचे लोक हिरव्या डहाळ्यांनी आणि दाताळ्यांनी आगीची उरलेली कड मारून विझवत येतात. पूर्वी यंत्रे नव्हती, तेव्हा सगळे काम डहाळ्यांचेच होते.

एकदा गोरेगावकडून एका नवरदेवाच्या वडिलांचा फोन आला. म्हणाले, "धूर मांडवात येऊन राहिला, पंगत बसली हाय. तुमाला तो दुसरीकडं वळवता येत न्हाई का?" मी म्हटले, धूर वळत नाही, माणसे पाठवा. अकरा वऱ्हाडी आले, त्यात दोघे फेट्यासह. तासाभरात आग विझली. दुसऱ्या दिवशी त्यातला एक जण चकचकीत शर्ट घेऊन कार्यालयात हजर. ठिणग्यांनी शर्टाची चाळण झाली होती आणि प्रत्येक भोकाच्या कडेला कडक गोळी धरली होती. त्याच्या चुलत्याच्या सुती धोतरावर दोन काळे ठिपके होते, बाकी काही नाही. शर्टाची भरपाई देण्याची तरतूद नव्हती. त्या दिवशी कापडाचा धडा माझ्यासमोर टेबलावर ठेवला होता. मी तो माणूस कसा समजूत घालून परत पाठवला एवढेच लक्षात ठेवले.

मारोती हा आमचा सगळ्यात जुना हंगामी मजूर. गोरेगावजवळच्या खेड्यातला, वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटक. आगीचा हंगाम चढण्याआधी तो हट्ट्याला हळद शिजवायला जायचा. तिथे भट्टीसमोर दिवसभर उभे राहायची सवय असल्याने वणव्याची धग त्याला नवी नव्हती. वारा फिरणार हे त्याला आमच्या आधी कळे. पण दर हंगामाला मजुरांची यादी नव्याने होते, आणि वयामुळे आपले नाव गळेल ही धास्ती त्याला चार-पाच वर्षांपासून होती. म्हणून तो सगळ्यात जड वस्तू, म्हणजे ब्लोअर, स्वतःच्या पाठीवर घ्यायचा आणि दमलो असे कधी म्हणायचा नाही. या यादीत राहणे हीच त्याची एक मागणी होती.

माझ्या निवृत्तीला तीन वर्षे उरली असताना आम्हाला संरक्षक पोशाख आले. कोट, पँट, हेल्मेट, हातमोजे, बूट. तोपर्यंत मजूर घरचे जुने कपडे घालून आगीवर जात, तेव्हा ही मोठीच गोष्ट होती. खोकी उघडली तेव्हा सगळे गोळा झाले. कोट जाड, तीन पदरी. मधला पदर दाबला की पिशवीसारखा वाजायचा. वनरक्षक संगीता मॅडमनी एक कोट हातात तोलून पाहिला आणि म्हणाल्या, "सर, हा घालून चढायचं?"

मारोतीने घालून, चेन लावून पाहिला. दोन मिनिटे तसाच उभा राहिला.

"कसा आहे?" मी विचारले.

"झ्याक हाय सायेब. ह्यात आग आत येणार न्हाई." मग जरा थांबून, "पर मी बी भाईर निघणार न्हाई."

सगळे हसले, मीही. त्याने एका वाक्यात सांगितलेली गोष्ट मी नंतर चार पाने अहवाल लिहून सांगितली.

गोष्ट अशी आहे. चढावर यंत्र घेऊन राबणारे शरीर स्वतःच एक भट्टी असते. आगीची धग क्षणाक्षणाने लागते, माणूस मागे सरकला की ती संपते. अंगातली उष्णता मात्र काम चालू असेपर्यंत तयार होत राहते. ती घालवायचा शरीराकडे मुख्य मार्ग एकच, घाम येणे आणि तो वाळणे. घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. कोट जितका बंद आणि जितका जाड, तितकी बाहेरची आग दूर राहते आणि तितकीच आतली आग आत राहते. वणव्याच्या कपड्याने ही दोन्ही कामे सांभाळायची असतात. इमारतीच्या आगीत माणूस थोडा वेळ मोठ्या ज्वाळेत शिरतो, तिथला हिशेब वेगळा. आमचे लोक तासन्‌तास छोट्या ज्वाळेच्या कडेने चालतात.

आमचे कोट इमारतींच्या आगीचे होते. आतल्या बाजूला शिवलेल्या पट्टीवर तसे इंग्रजीत स्वच्छ छापले होते. मला इंग्रजी वाचता येते, एकेकाळी पगार त्याचाच मिळत होता. मी पट्टी वाचली नाही.

वरून आदेश आला की प्रत्येक मोहिमेआधी पूर्ण पोशाखातला फोटो खात्याच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा. आम्ही टाकू लागलो. पण फोटो झाला आणि चढ लागला की लोक चेन उघडत, कोट कमरेला बांधत. मला तो बेशिस्तपणा वाटला. मी स्वतःचा एक नियम काढला. मोहीम संपताना दुसरा फोटो आणि मध्ये केव्हाही, न सांगता, तिसरा. प्रत्येक फोटोत चेन गळ्यापर्यंत. ज्याची उघडी दिसेल त्याला पुढच्या वेळी नेणार नाही. हे वाक्य मी सगळ्यांसमोर बोललो. मारोती पहिल्या रांगेत होता.

त्यानंतरच्या पंधरवड्यात माझ्या नोंदवहीत चार मोहिमांच्या नोंदी आहेत. चारही ठिकाणी एक ओळ सारखी आहे. "पिण्याच्या पाण्याचा कॅन निम्मा भरलेला परत. पाणी पुरेसे." नोंद अचूक आहे. अर्थ मी चुकीचा काढला होता.

पाचवी मोहीम चैत्रातल्या एका दुपारची. दक्षिणेकडे तोंड असलेला उतार, सावली नाही, दगड तापलेले. आम्ही सात जण होतो, मी, संगीता मॅडम आणि पाच मजूर. मारोतीच्या पाठीवर ब्लोअर. दीड तासात आगीचे तोंड मोडले, कड तेवढी उरली. मी फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे. त्यात सगळे मोबाईलकडे बघत आहेत, मारोती डाव्या बाजूला बघतो आहे आणि तिकडे काही नव्हते. त्या वेळी मी फक्त चेन पाहिल्या. सहाही बंद होत्या.

थोड्याच वेळात संगीता मॅडमचा आवाज आला. "सर, मामा उलटं फुंकून राहिलेत!"

मारोतीच्या यंत्राची नळी जळालेल्या बाजूकडून कोऱ्या गवताकडे वळलेली होती. जळता पाला तो स्वतःच पुढे उडवत होता. यंत्र आल्यापासून त्याने ही चूक कधी केली नव्हती. उत्तम नावाचा मजूर धावला, यंत्र बंद केले, पुढचा पाला डहाळीने मारला. मारोती त्याला म्हणाला, "भट्टी काढा आता. हळद शिजली."

उत्तम हसला. "मामा, हट्टा मागं राहिलं!"

मारोती हसला नाही. तो खाली बसला आणि मग बसल्या जागी कलंडला.

मी चेन उघडली तेव्हा आतली हवा भट्टीचे दार उघडल्यासारखी हाताला लागली. आत त्याने कुठल्याशा क्रिकेट स्पर्धेत वाटलेला चकचकीत टी-शर्ट घातला होता. तो अंगाला चिकटला होता, पिळला तर पाणी निघाले असते. अंग मात्र हात ठेववणार नाही इतके तापलेले. मी ओरडलो, उचला, गाडीकडे चला.

"न्हाई सर," संगीता मॅडम म्हणाल्या. त्यांना माझ्या हाताखाली येऊन दोन वर्षे झाली होती, त्यात त्यांनी मला नाही म्हटलेले हे पहिलेच. "गाडीपर्यंत अर्धा तास आहे. हे अर्धा तास टिकणार न्हाईत. आधी गार करायचं, मग न्यायचं. मला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय."

चैत्रात आमच्या डोंगरावर सावली शोधावी लागते. खाली ओढ्याच्या कडेला एक करंज नुकताच पालवला होता. तिथवर त्याला नेले. कोट, पँट, बूट, टी-शर्ट सगळे उतरवले. कॅनमधले पाणी डोक्यापासून पायापर्यंत ओतले. मग मॅडमनी उत्तमला ब्लोअर चालू करायला सांगितले.

"मामांवर?"

"लांबून धर. हळू ठेव. अंग ओलं आहे तोवर वारा दे."

पाला उडवायचे यंत्र आम्ही ओल्या माणसावर धरले. एक जण पाणी ओतत होता, उत्तम वारा देत होता, मॅडम मारोतीचे मनगट धरून बसल्या होत्या. बाकीचे दोघे वर आगीची कड सांभाळत होते. त्या दिवशी कॅन निम्मा भरलेला होता म्हणून पाणी पुरले.

पंधरा-वीस मिनिटे गेली असतील. मारोतीने डोळे उघडले, वर नळी घेऊन उभा असलेला उत्तम पाहिला आणि बारीक आवाजात म्हणाला, "काहून उडवून राहिला रे मला?"

उत्तमला रडू आले आणि नळी हलली. मॅडम त्याला ओरडल्या.

रुग्णालयात डॉक्टरांनी आधी भाजल्याच्या जखमा शोधल्या.

"कुठं भाजलंय?"

"कुठेच नाही."

"आगीवर होते ना हे?"

"होते."

मग त्यांनी कोट मागवला, हात आत घालून पाहिला. सलाईन लावले, रक्त तपासायला पाठवले. संध्याकाळी सांगितले की जागेवर गार केले नसते तर त्यांच्या हातात फारसे काही उरले नसते. मारोतीला चार दिवस ठेवले. पहिल्या दिवशी नीट शुद्ध आल्यावर त्याने मला जवळ बोलावले. मला वाटले, आता हा कोटाबद्दल बोलेल.

"सायेब, चेन बंदच व्हती माझी. नाव काटू नका."

व्हरांड्यात आल्यावर मी संगीता मॅडमना विचारले, की कॅन सोबत असताना त्याच्या अंगातले पाणी इतके कसे आटले.

"सर, पाणी कोणीच पीत नव्हतं."

"का?"

"प्यायलं की जावं लागतं." त्या भिंतीकडे बघत बोलत होत्या. "त्या पँटला खांद्यावरून पट्टे आहेत. कोट काढल्याशिवाय पट्टे उतरत न्हाईत. कोट काढला आणि तेवढ्यात तुमचा फोटो आला म्हणजे?"

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"मी असते म्हणून ते लोक बोलले न्हाईत. ते असतात म्हणून मी न्हाई बोलले."

"तुम्ही काय करत होता?"

"मी आदल्या रात्रीपासूनच पीत नव्हते, सर."

चार मोहिमा, चार नोंदी, पाणी पुरेसे.

अहवाल मला लिहायचा होता. परिक्षेत्र अधिकारी साहेब माणूस चांगला. म्हणाले, "ऊन लागून पडला असं लिहा. चैत्र आहे, कोणीही मान्य करेल." कोणीही केले असते. पण मग दोषी ऊन ठरले असते किंवा मारोतीचे वय, आणि दोन्हींचा उपाय एकच, त्याचे नाव यादीतून काढणे. मी अहवालात चार मुद्दे लिहिले. पोशाख इमारतीच्या आगीचा आहे. त्यातून घाम वाळत नाही. पँट उतरत नसल्याने पथक पाणी पीत नव्हते. चौथा मुद्दा, चेन सतत बंद ठेवण्याचा नियम वनपालांनी स्वतःच्या अधिकारात काढला होता.

साहेबांनी दोनदा वाचले. "चौथा ठेवायचाच?"

"तो काढला तर बाकीचे तीन कळत नाहीत."

मला खुलासा मागणारे पत्र आले, मी खुलासा दिला, सेवापुस्तकात एक शेरा बसला. तो योग्य होता. मारोतीच्या नावापुढे मात्र वैद्यकीय प्रमाणपत्राची अट आली, पुढच्या हंगामापर्यंत ते आणले तर नाव राहील. आणि नवे, वणव्यासाठी बनवलेले एकपदरी पोशाख मागवायचे ठरले. ते यायला वेळ लागणार होता. तोवर जाड कोट कार्यालयात ठेवून आपल्यापुरती सोय करायला साहेबांनी तोंडी परवानगी दिली.

सोय वारंगा फाट्यावर झाली. तिथे रशीदभाई ट्रकच्या ताडपत्र्या आणि सीटची कव्हरे शिवतात. मी जाड कोट त्यांच्या टेबलावर टाकला. त्यांनी तो उलटा केला, मधला पदर बोटांत चुरला.

"साब, ये तो ताडपत्री है. इसमें आदमी को बांधे थे क्या?"

"तसंच झालं."

मी पसंत केलेल्या कापडाचे तुकडे सोबत नेले होते. रशीदभाईंनी प्रत्येकाचा दोरा ओढून काडीने पेटवला. एकाची काळी गोळी झाली, ती त्यांनी नखाने ठोकून दाखवली. "पिघलता है. चमडी पे बैठा तो निकलता नै." दुसऱ्याची राख झाली, ती बोटाने उडवली. "ये सूत. जलेगा तो जलेगा, चिपकेगा नै." वऱ्हाडी पाहुण्याचा शर्ट मला तेव्हा आठवला.

जाड खाकी सुती ड्रिलचे सात जोड शिवले. सैल, एकपदरी, बाह्या मनगटापर्यंत, काखेत वाऱ्यासाठी उघडी फट. आत घालायला सुती बनियन, चकचकीत काही नाही. पँटला पट्टे नाहीत, साधी नाडी. संगीता मॅडमनी स्वतःच्या जोडाचे माप आणि बाकीच्या सूचना रशीदभाईंच्या घरातल्यांना परस्पर दिल्या, त्या मी विचारल्या नाहीत. हे कपडे ज्वाळेत शिरण्याचे नव्हते, हे पथकाला रोज बजावत होतो. धग वाढली की मागे सरकायचे, कपड्याच्या भरवशावर पुढे जायचे नाही. जाड कोटात ती धग कळतच नव्हती, हा त्याचा आणखी एक दोष होता.

माझे फोटोचे नियम मी रद्द केले. त्यांच्या जागी दोन आणले. अर्ध्या तासाला शिट्टी, शिट्टीला पाणी. आणि यंत्र दर अर्ध्या तासाला दुसऱ्या पाठीवर. मारोतीने परत आल्यावर यंत्र सोडायला पहिल्यांदा कुरकुर केली. उत्तम त्याला म्हणाला, "मामा, मागच्या टायमाला तुमी माझ्यावर फुंकलं न्हाई, मीच तुमच्यावर फुंकलं. आता माझीच पाळी ऱ्हाऊ द्या."

मारोती पुढच्या हंगामात प्रमाणपत्र घेऊन आला. ते त्याने प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी टॉवेलात, टॉवेल डब्यात असे आणले होते. यादीत त्याचे नाव मी पहिले लिहिले. ज्येष्ठतेने ते पहिलेच येत होते.

नोंदवहीत मी एक रकाना वाढवला. पाणी किती प्यायले यावर माझा विश्वास उरला नव्हता, कारण कॅन रिकामा करायला तो जमिनीवर ओतताही येतो. म्हणून रकाना पुढच्या टप्प्याचा ठेवला. मोहिमेत कोण किती वेळा बाजूला जाऊन आले. मॅडमचा हिशेब त्यांच्याकडे, तो मी पाहत नसे. साहेबांनी वही तपासताना या रकान्यावर बोट ठेवले, माझ्याकडे पाहिले आणि सही केली.

त्या हंगामातली पहिली आग पुन्हा त्याच डोंगराची, जरा पलीकडच्या अंगाला. ऊन तसेच होते. तासाभरानंतर पाहिले तर मारोती जागेवर नव्हता. यंत्र उत्तमच्या पाठीवर होते. मी हाक मारली, उत्तर आले नाही. दुसरी हाक मारणार तेवढ्यात तो फुललेल्या पळसामागून नाडी बांधत आला, खाकी सदऱ्यावर छातीभर घामाचा ओला डाग, कडेने वाळत आलेला.

"दुसऱ्यांदा हाय सायेब," तो लांबूनच म्हणाला. "लिवा."

मी घड्याळ पाहिले आणि लिहिले.